बॉनेटवरचे ६० मिलिलिटर

मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक, चमकदार थर असतो त्याला गॅरेजमध्ये सगळे ‘क्लिअर’ म्हणतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर तो ४० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. साध्या हॅचबॅकचं बॉनेट दीड चौरस मीटर धरलं, तर त्यावरचं सगळं क्लिअर मिळून भरतं ६० मिलिलिटर. टप, दारं, डिकी, मडगार्ड धरून बाहेरचा पत्रा दहा चौरस मीटर मानला, तर ४०० मिलिलिटर. अख्ख्या गाडीची चकाकी पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत मावते आणि वर जागाही उरते.

हाच हिशोब देशभर लावून पाहा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतात सुमारे ४२ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांचा बाहेरचा पत्रा सपाट करून जमिनीवर अंथरला तर ४२ चौरस किलोमीटर होईल. ठाणे जिल्ह्यातल्या उल्हासनगर महापालिकेचं क्षेत्रफळ आहे सुमारे १३ चौरस किलोमीटर. म्हणजे हे शहर ज्या कॅम्पांत विभागलं आहे ते सगळे, पाचही, तीनदा झाकून पत्रा शिल्लक राहील. आणि एवढ्या पत्र्यावरचं क्लिअर गोळा केलं तर १७ लाख लिटरसुद्धा भरणार नाही, ऑलिंपिकच्या एका तलावाच्या दोन-तृतीयांश. एका वर्षाच्या सगळ्या नव्या गाड्यांची झळाळी एवढीच आहे.

आता या ६० मिलिलिटरवर आभाळातून काय पडतं ते मोजू.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा १९ अंश अक्षांशाच्या जरासा वर आहे. सूर्य इथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या अखेरीस. जुलैतला दिवस ढगांत जातो, मेमधला कुणाला चुकत नाही. समुद्र लांब असल्यानं वारा उशिरा पोचतो आणि एप्रिलपासून पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. तिच्यातली पाचेक टक्के अतिनील असते, डोळ्याला न दिसणारी आणि रंगाला सगळ्यात नडणारी. अतिनील प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा ठाऊक आहे, त्यामुळे कण मोजता येतात. दीड चौरस मीटरच्या बॉनेटवर दर सेकंदाला साधारण १३ लाख कोटी कोटी अतिनील कण आदळतात. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांना ते सारखे वाटले, तर एका सेकंदाच्या कमाईतून प्रत्येकाच्या वाट्याला १६०० कोटी येतील. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेवढेच.

हा आकडा नुसता मोठा आहे म्हणून मला तो महत्त्वाचा वाटत नाही. त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवला की खरी गंमत कळते. ६० मिलिलिटर क्लिअरचं वजन भरतं ७० ग्रॅमच्या आसपास. ते प्लॅस्टिकच्याच जातीचं असल्यानं त्यात दोन-तृतीयांश कार्बन धरायला हरकत नाही. मग बॉनेटच्या क्लिअरमध्ये कार्बनचे अणू निघतात अंदाजे २२ वर २३ शून्यं इतके. आणि इथल्या सरासरी दिवसभरात, ढग आणि सकाळ-संध्याकाळ धरून, त्या बॉनेटवर पडणारे अतिनील कण निघतात २५ वर २३ शून्यं इतके. दोन्ही आकडे जवळपास सारखे. म्हणजे क्लिअरमधल्या प्रत्येक कार्बन अणूमागे रोज एक अतिनील कण येतो.

अशा एका कणाची ऊर्जा जवळपास तेवढीच असते जेवढी कार्बन-कार्बन जोडणी तोडायला लागते. प्रत्येक कणानं एकेक जोडणी तोडली असती तर सोमवारी शोरूममधून आणलेल्या गाडीचं बॉनेट बुधवारपर्यंत उघडं पडलं असतं. तसं होत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं क्लिअर आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त टिकतं. दहा वर्षांत प्रत्येक अणूवर साडेतीन हजारांहून अधिक मारे होतात आणि बहुतेक अणू जागच्या जागी असतात. रंग उडाला म्हणून आपण हळहळतो. तो इतका टिकला कसा, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

त्याचं उत्तर एका ग्रॅममध्ये आहे. क्लिअर बनवताना त्यात टक्का-दोन टक्के अतिनीलशोषक रसायन घालतात, बेंझोट्रायझोल नावाच्या कुळातलं. बॉनेटपुरतं पाहिलं तर ते सगळं मिळून एक ग्रॅम. या रसायनाचा रेणू अतिनील कण गिळतो, स्वतःच्या आत हायड्रोजनचा एक अणू इकडून तिकडे सरकवतो आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून पुन्हा होता तसा होतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या आतबाहेर हे सारं उरकतं. मग तो पुढच्या कणासाठी मोकळा. शोषकाच्या रेणूंची संख्या आणि दिवसाचे कण यांचा भागाकार केला तर एका रेणूच्या वाट्याला रोज दीड हजारांवर कण येतात. यातूनही जे निसटतात ते एखादी जोडणी तोडतात आणि तुटलेलं टोक शेजारच्या रेणूंवर धावून जातं. त्याला आवरायला दुसरं एक रसायन असतं, हिंडर्ड अमाइन. ते त्या टोकाला पकडून शांत करतं आणि पुष्कळदा स्वतः पुन्हा कामाला तयार होतं. ही दोन्ही रसायनं हळूहळू संपतात, काही धुपून जातात. एक दिवस पहारा विरळ होतो आणि मग बॉनेट निस्तेज दिसायला लागतं. आधी टप आणि बॉनेटच, कारण ते आभाळाकडे तोंड करून असतात. दारं उभी असल्यानं वाचतात.

निस्तेज होणं म्हणजे नेमकं काय, तेही आकड्यांतच सांगण्यासारखं आहे. सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी क्लिअरचा पृष्ठभाग फक्त ४ टक्के परत फेकतो. उरलेला आत जातो, रंगाला भेटून येतो. ज्या चकाकीवर आपण भाळतो ती या ४ टक्क्यांत आहे. ते ४ टक्के एकाच दिशेनं परतले तर बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येतात. पृष्ठभाग खडबडीत झाला की तेच ४ टक्के चहूकडे विखुरतात, काळ्या रंगावर राखाडी धुकं चढतं. आणि खडबडीत व्हायला फार काही लागत नाही. हिरव्या प्रकाशाच्या लाटेची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या जरा वर. एक मायक्रॉन खोलीचा ओरखडा तिच्या दृष्टीनं खड्डाच.

डोळ्यांसमोर आणायचं तर गाडी एक लाख पट मोठी करू. पावणेचार मीटरची हॅचबॅक तेव्हा पावणेचारशे किलोमीटर लांब होईल. तिचा पुढचा बंपर बदलापूरला असेल तर मागचा कोल्हापूरच्याही पुढे जाईल. पत्र्याची जाडी ७०-८० मीटर. त्यावर गंजाला अडवणारा विजेच्या दाबानं बसवलेला पहिला थर दोन मीटर, प्रायमर तीन मीटर, आणि ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो जेमतेम दीड मीटर. त्यावर क्लिअर चार मीटर, एका मजल्यापेक्षा थोडं जास्त. शेकडो किलोमीटर पसरलेल्या गाडीवर साडेदहा मीटरची वस्त्रं. प्रकाशाची लाट साडेपाच सेंटिमीटरची. आणि ओरखडे घासून काढायला वापरतात त्या दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरवरचा दाणा? खऱ्या मापात तो सरासरी १० मायक्रॉनचा, म्हणजे या मोठ्या जगात एक मीटर उंचीचा धोंडा. चार मीटर जाडीच्या छतावर असले धोंडे घासत न्यायचे आहेत, हे लक्षात ठेवून पेपर हातात घ्यावा.

आता पुन्हा उन्हाकडे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात गाड्या उघड्यावर का असतात, त्याला इतिहास आहे. उल्हासनगरचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, मग निर्वासितांची घरं, मग त्याच जागी इमारती. २०११च्या जनगणनेत १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसं होती, चौरस किलोमीटरला ३८ हजारांच्या आसपास. इथे मोटारीला छप्पर मिळणं ही चैन आहे. अंबरनाथ आणि बदलापूर रेल्वेच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या आधारानं वाढले. त्याच जनगणनेत अंबरनाथ अडीच लाखांचं आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या जवळ होतं, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती कुणीही लोकलच्या खिडकीतून पाहाव्यात. एमएच-०५च्या, म्हणजे इथल्याच नोंदणीच्या, गाड्या गल्लीत, गटाराच्या कडेनं, रेल्वेच्या भिंतीलगत उभ्या असतात. रुळांजवळच्या गाडीवर चाकांचे आणि ब्रेकचे लोखंडी कण बसतात, ओल लागली की गंजतात आणि पांढऱ्या बॉनेटवर नारिंगी ठिपके उठतात. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, १०६० साली पूर्ण झालं. साडेनऊशे वर्षांहून जास्त काळ ते याच उन्हापावसात उभं आहे. पण तो बेसाल्ट आहे, त्यात अतिनील कणाला तोडण्याजोग्या कार्बनच्या साखळ्या नाहीत. आपण गाडीवर प्लॅस्टिकची पातळ साय घालून तिला त्याच आभाळाखाली उभी करतो.

पावसाचाही हिशोब करू. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बॉनेटच्या वाट्याला येतं पावणेचार हजार लिटर पाणी. थेंब दोन मिलिमीटरचा धरला तर एका पावसाळ्यात ९० कोटी थेंब, प्रत्येक थेंब ताशी २३ किलोमीटरच्या वेगानं येणारा. पण पाऊस रंगाचं फारसं वाकडं करत नाही. उलट धूळ धुऊन नेतो. रंगाचा घात होतो तो धूळ सुकल्यावर, आपल्याच हातून.

सकाळी सोसायटीत गाड्या पुसल्या जातात ते आठवा. एक बादली, एक फडका, दहा-बारा गाड्या. महिन्याला ठरलेल्या पैशांत त्या माणसाकडून याहून जास्त पाण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे. नळाला पाणी येण्याच्या वेळा त्यानं ठरवलेल्या नाहीत. पण फडक्यात अडकलेल्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात. कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सिलिका सातव्या पायरीवर आणि क्लिअर नखाच्या जवळपास. रोज बॉनेटवर वीस फेरे मारले तर दहा वर्षांत ७३ हजार फेरे होतात. उन्हात उभ्या काळ्या गाडीवर कोळिष्टकांसारखे जे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात ते सूर्यानं काढलेले नसतात, ते या फेऱ्यांनी काढलेले असतात. जुलै २०१९मध्ये उल्हास नदीचं पाणी पसरलं, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली, तेव्हा बदलापुरातल्या कित्येक गाड्या गाळात गेल्या. अशा गाडीला सुकल्यावर फडका लावणं हे वॉटर पेपर लावण्यासारखंच. आधी भरपूर पाणी वरून सोडायचं, हात नंतर लावायचा.

आता घरच्या घरी बॉनेट पुन्हा उजळवायचं म्हणजे काय करायचं? सोपं उत्तर असं की वरचा मेलेला, खडबडीत भाग कापून काढायचा आणि खालचा शाबूत भाग उघडा करायचा. चकाकी वरून लावता येत नाही, ती आतून मिळवावी लागते. म्हणून पहिला प्रश्न एवढाच की आत शिल्लक किती आहे.

रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र थोड्या हजारांत मिळतं. पत्र्याला टेकवलं की पत्र्यापर्यंतचं सगळं अंतर दाखवतं. १०० ते १४० मायक्रॉन दाखवलं तर रंग बहुधा कारखान्यातला. २००च्या वर गेलं तर वर पुन्हा रंग मारलेला, आणि आकडा हजारात गेला तर खाली पुट्टी भरलेली. एक मर्यादा आहे: यंत्र सगळे थर एकत्र मोजतं, क्लिअर वेगळं सांगत नाही. तरी बॉनेटवर १२५ आणि मधल्या एखाद्या कंगोऱ्याजवळ ८० दिसत असेल, तर त्या कंगोऱ्यावर यापूर्वी कुणीतरी हात चालवलेला आहे आणि आपण तिथे चालवायचा नाही.

कंपाउंड, म्हणजे घासणारी पेस्ट, लावून यंत्रानं केलेल्या एका बफिंगमध्ये एक ते तीन मायक्रॉन जातात. दोन धरू. बॉनेटवरून दोन मायक्रॉन काढणं म्हणजे एकूण तीन मिलिलिटर क्लिअर काढणं. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं, त्याहूनही कमी. निस्तेज आणि लखलखीत बॉनेटमधला फरक फक्त एवढा आहे, आणि दरवेळी हा विचार आला की मी थक्क होतो. त्याच वेळी हेही खरं की वर सांगितलेल्या एका ग्रॅम पहारेकऱ्यांतला विसावा भाग त्या चमच्याबरोबर जातो. म्हणून जाणकार सांगतात, गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून क्लिअरमधून आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये. दोन-अडीच मायक्रॉनच्या हिशोबानं तीन-चार वेळा. संपलं.

तो चमचा काढायला लागणारी मेहनतही थक्क करणारी आहे. चमचाभर कंपाउंडमध्ये पाचवा भाग ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड आणि एक कण दोन मायक्रॉनचा धरला, तर त्यात २५ हजार कोटी कण असतात, कठीणपणात नवव्या पायरीवरचे, वर फक्त हिरा. घासताना ते आणखी बारीक होत जातात, म्हणून आधी कापतात आणि मग उजळवतात. घरी वापरायला सुरक्षित ते ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्र. त्याचं पॅड एका मिनिटाला साडेचार हजार छोटे फेरे घेतं. बॉनेटचे चार भाग करून प्रत्येकाला चार मिनिटं दिली तर ७२ हजार फेरे होतात. फडक्यानं दहा वर्षांत मारले जवळपास तेवढेच, आणि यंत्र ते सोळा मिनिटांत मारून मोकळं होतं. हातानं सेकंदाला एक फेरा घातला तर सलग वीस तास लागतील. हातानं केलेलं रबिंग मधेच सोडून दिलेलं का दिसतं, ते यातून कळतं. गॅरेजमधलं एकाच दिशेनं फिरणारं बफिंग मशीन याहून जलद कापतं. १५०० फेऱ्यांवर सहा इंची पॅडची कड ताशी ४० किलोमीटरच्या वर जाते. कंगोऱ्यावर दोन सेकंद जास्त थांबलं की क्लिअर जळतं. सरावलेल्या हाताचं ते काम आहे.

काम सावलीत, पत्रा थंड असताना करायचं. मेमधल्या दुपारी काळं बॉनेट ७० अंशांच्या घरात जातं आणि कंपाउंड लावता लावता सुकून चिकटतं. थंडीतली सकाळ उत्तम. आधी धुणं, मग पाणी मारून क्लेचा गोळा फिरवून रुतलेले लोखंडी कण उचलणं, रबरी पट्ट्या आणि कंगोऱ्यांवर टेप, आणि मग हातभर जागेवर आधी सगळ्यात सौम्य पॉलिशनं प्रयोग. त्यानं भागत असेल तर कंपाउंडची बाटली उघडूच नये. पुसायला मायक्रोफायबर. त्याचे तंतू इतके बारीक की एक ग्रॅम धाग्याची लांबी नऊ किलोमीटर किंवा त्याहून जास्त असते. चाळीस सेंटिमीटरच्या एका फडक्यात चारशे किलोमीटरहून अधिक धागा असतो. असा फडका जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी बॉनेटला लावू नये.

रॉकेल किंवा खोबरेल पुसून गाडी चमकवण्याची रीत जुनी आहे आणि ती क्षणभर चमकवतेही. खोबरेल आणि क्लिअर यांच्यातून प्रकाश जवळपास सारखाच वळतो, त्यामुळे तेल खड्ड्यांत भरलं की प्रकाशाला खड्डे दिसेनासे होतात. रॉकेल संध्याकाळपर्यंत उडून जातं आणि धुकं परत येतं. खोबरेल राहतं, त्यावर धूळ बसते. टूथपेस्टमध्ये खरंच घासणारे कण असतात, पण ते दातांसाठी ठरवलेले, रंगाच्या मायक्रॉनांसाठी नव्हेत.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी आणि एका अर्थी सुखाची. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनी किंवा १९८३च्या डिसेंबरपासून रस्त्यावर आलेल्या मारुती ८००, त्या काळच्या एकरंगी गाड्यांवर बहुधा वेगळं क्लिअर नसे. रंग हाच वरचा थर. त्यावर कापड घासलं की कापड लाल किंवा निळं होतं. घाबरायचं कारण नाही, तो रंगाचा मेलेला भाग आहे. खाली तोच रंग ताजा असतो आणि कंपाउंडनं वर येतो. त्यातही लाल सगळ्यात आधी उतरतो, कारण तो लाल परत फेकून निळा-हिरवा, म्हणजे जास्त ऊर्जेचा प्रकाश पोटात घेतो.

पण ज्या बॉनेटवर क्लिअरचे पापुद्रे सुटू लागले आहेत, सालपटं नखानं निघतात, तिथे घासून काहीही परत येत नाही. तिथे ६० मिलिलिटरपैकी काही शिल्लकच नाही. ते बॉनेट पेंटरकडेच न्यायला हवं आणि तसं स्पष्ट सांगणारा गॅरेजवाला प्रामाणिक समजावा.

शेवटी मेण. मेणाचा थर अर्ध्या मायक्रॉनचा धरा, अख्ख्या गाडीला मिळून पाच मिलिलिटर. ब्राझीलच्या कार्नाउबा ताडाच्या पानांवरचं मेण ८२ अंशांच्या वर वितळतं, आपलं बॉनेट त्याच्या दहा-बारा अंश खाली असतं. म्हणून ते इथल्या मेमध्ये काही आठवडेच टिकतं. सीलंट काही महिने टिकतं. सिरॅमिक लेपाची बाटली ३०-५० मिलिलिटरची आणि थर मायक्रॉनच्या आसपासचा; ती ओरखडे कमी करते, धुणं सोपं करते, पण क्लिअरची जाडी वाढवून देत नाही.

वापरलेली गाडी विकण्याआधी ती बफ करून देण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यामुळे जुन्या गाडीचं आरशासारखं बॉनेट पाहून खूश होण्याआधी दुपारच्या सरळ उन्हात ते तिरकं पाहावं आणि जाडीचं यंत्र बॉनेट, टप आणि चारही दारांवर टेकवून आकडे लिहून घ्यावेत. दारांवर १२० आणि बॉनेटवर ९५ आले, तर वाट्याचे मायक्रॉन आधीच्या मालकानं खर्च केलेले असू शकतात. अशा गाडीला कंपाउंड लावायचं नाही. तिला पाणी, मेण आणि जमेल तितकी सावली द्यायची.